सोयाबीनमधी किडीला टिकणारी लाईन निवडायची तर फरक वाणाचा की वावराचा, ते आधी काढा

ऑगस्टात बिनफवारणीच्या सोयाबीनमधी फिरलं की दहा झाडं माना टाकलेली दिसतात आणि मधीच एखादं हिरवंगार उभं असतं, मग कुणीतरी लगेच म्हणतं की याला दोरा बांधा, याचं बी वेगळं काढा, यात प्रतिकारशक्ती आहे. असेलही. पण बऱ्याचदा ते झाड नुसतं सुटलेलं असतं, माशी त्याच्यावर बसलीच नाही, चक्रीभुंगा बाजूच्या तासात गेला, एवढंच. त्याचं बी पुढच्या खरिपात पेरलं की ते बाकीच्यांसारखंच पोखरलं जातं आणि वर्ष वाया. म्हणून निवड करायच्या आधी एकच गोष्ट काढायची असते, दिसणारा फरक झाडाच्या रक्तातला किती आणि जमीन, पाऊस, योगायोग यांचा किती. व्हेरिएबिलिटी (फरक किती) आणि हेरिटॅबिलिटी (त्यातला रक्तातला वाटा किती) या दोन मोठ्या शब्दांत एवढंच आहे, आणि हे काढायला लॅब लागत नाही, नीट मांडलेला प्लॉट, वही आणि एक्सेल पुरतं. ॲग्रीला ब्रीडिंग घेतलेल्या पोरांसाठी आणि आपल्याकडं लातूर, हिंगोली, परभणीत बियाणं करणारे जे शेतकरी गट आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी कीड ठरवा. "कीड-प्रतिकारक सोयाबीन" अशी सरसकट गोष्ट नसते. मराठवाड्यात खोडमाशी, चक्रीभुंगा, तंबाखूवरची पाने खाणारी अळी, हिरवी उंटअळी, आणि पांढरी माशी जी स्वतःपेक्षा पिवळा मोझॅक पसरवून जास्त नुकसान करते, या मुख्य. खोडमाशीची अळी खोडाच्या आत राहते, उंटअळी पानावर राहते, एकीला रोखणारा गुण दुसरीला रोखेलच असं काही नाही. पानावरच्या केसांचंच बघा, दाट केस असलेलं पान तुडतुड्यांना आवडत नाही हे सोयाबीनमधी जुनं माहिती आहे, पण पांढरी माशी आणि बरेच पतंग केसाळ पानावरच जास्त अंडी घालतात. एका वेळी एक, फार तर दोन किडी धरा. आपल्याकडं सुरुवातीला खोडमाशी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिचं नुकसान मोजता येतं, नुसत्या अंदाजावर राहावं लागत नाही.

आता फरक आणायचा कुठून. जेएस-३३५ हा जबलपूरचा वाण १९९४ ला आला आणि आपला अख्खा पट्टा त्यानं व्यापला, नंतर परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ आले, राहुरीच्या विद्यापीठाचे फुले संगम, फुले किमया आले. हे सगळे चांगले वाण आहेत, पण भारतातल्या सोयाबीन वाणांचा जनुकीय पाया मुळातच अरुंद आहे, चारदोन पूर्वजांतून फिरून फिरून तेच रक्त. नुसते चालू वाण शेजारी शेजारी लावून त्यात प्रतिकार शोधला तर हाताला थोडंच लागतं. म्हणून इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेकडचं किंवा राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचं (त्यांचं केंद्र अकोल्याला आहे) जर्मप्लाझम (वेगवेगळ्या प्रकारांचा बियाणे संग्रह) कॉलेजच्या किंवा संशोधन केंद्राच्या मार्फत मागवा, त्यात काळ्या बियांचे, बारीक दाण्याचे, वेलासारखे पसरणारे प्रकार असतात, दिसायला काही नसतात पण गुण तिथंच लपलेले असतात. अमेरिकेत १९७० च्या आसपास पाने खाणाऱ्या भुंग्याला टिकणारे तीन प्रकार सापडले, पीआय १७१४५१, पीआय २२७६८७ आणि पीआय २२९३५८ (हे तिथल्या बियाणे संग्रहातले नंबर), तिन्ही जपानकडचे. नंतर ते बऱ्याच अळ्यांना पण टिकतात हे कळलं. पण त्यातला प्रतिकार चांगल्या उताऱ्याच्या वाणात आणायला तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, कारण प्रतिकार एका जनुकाचा नव्हता आणि त्याच्यासोबत कमी उतारा, झाड लोळणं, शेंगा फुटणं असलं पण चिकटून येत होतं. हे आधीच डोक्यात असू द्या.

प्लॉट मांडणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि इथंच लोक घाई करतात. वीस-पंचवीस लाईन (वेगवेगळे वाण किंवा वंश) घ्या, तीन रेप्लिकेशन म्हणजे प्रत्येक लाईन तीन जागी, साधा आरबीडी म्हणजे प्रत्येक ब्लॉकात सगळ्या लाईन चिठ्ठ्या टाकून एकेकदा. अंतर नेहमीचंच, ४५ बाय ५ सेंटिमीटर, प्रत्येक लाईनची तीन-चार तासं. ब्लॉक मात्र जमिनीप्रमाणं पाडा, आपल्याकडं एकाच वावरात वरच्या अंगाला मुरमाड आणि खाली खोल काळी असते, तर वरचा पट्टा एक ब्लॉक, मधला दुसरा, खालचा तिसरा, म्हणजे एका ब्लॉकात सगळ्या लाईनला सारखी जमीन मिळते. उतारावरून उभे ब्लॉक पाडले तर जमिनीचा सगळा फरक एररमधी, म्हणजे कारण न कळलेल्या फरकात, जाऊन बसतो आणि मग हेरिटॅबिलिटी कितीही हिशोब केला तरी खालीच येणार.

किडीचा दाब सगळीकडं सारखा पाहिजे. त्यासाठी एक हमखास बळी पडणारा वाण आठ-दहा दिवस आधी प्लॉटच्या चारी बाजूंनी पेरा आणि आत दर आठ-दहा लाईननंतर त्याचं एक तास टाका, म्हणजे माशी आधी तिथं वाढते आणि मग सगळीकडं पसरते. पेरणी पण थोडी उशिरा, जुलैच्या मध्याकडं केली तर खोडमाशीचा दाब साधारण वाढतो. कीटकनाशकाची फवारणी अर्थातच नाही. आणि अजून एक, बियाला थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची ट्रीटमेंट अजिबात नको. खोडमाशीसाठी ती शिफारशीतच आहे, आपल्याकडं पुष्कळ जण करतात आणि काही बॅगा तर आधीच लावून येतात, लाल-निळं बी दिसलं की विचारून घ्या की बुरशीनाशकच आहे की सोबत कीटकनाशक पण आहे. चेक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, घेतलेल्या वाणाला ट्रीटमेंट झालेली आणि बाकीच्यांना नाही, असं झालं तर पूर्ण वर्षाचा डेटा खोटा. बुरशीनाशक आणि रायझोबियम चालतं, पण लावायचं तर सगळ्यांना सारखं लावा.

मोजणी. प्रत्येक प्लॉटमधी कडेची तासं आणि तासाच्या टोकाची झाडं सोडून दहा झाडं पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांतच चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तेव्हाच लेबल बांधा, नंतर झाडं बघून निवडली की हात आपोआप चांगल्या झाडाकडं जातो. खोडमाशीसाठी काढणीला झाड जमिनीलगत कापा, शेंगा त्याच नंबरच्या पाकिटात काढा आणि मग खोड ब्लेडनं उभं चिरा. आत लालसर-तपकिरी बोगदा दिसतो. बोगद्याची लांबी भागिले झाडाची उंची गुणिले शंभर, हे झालं खोड पोखरल्याची टक्केवारी. काढणीला मोजायचा फायदा असा की बी पण हातात राहतं आणि आकडा पण मिळतो, हिरव्यात खोड चिरलं तर ते झाडच गेलं. चक्रीभुंग्यासाठी देठावर किंवा खोडावर दोन समांतर गोल खाचा दिसतात, त्या दोन खाचांच्या मधी मादी अंडी घालते आणि वरचा भाग सुकतो, तर अशी झाडं किती आणि एकूण किती हे मोजा, पण एकदाच मोजून भागत नाही, ऑगस्ट ते सप्टेंबर दर आठवड्याला त्याच तासात जावं लागतं.

पाने खाणाऱ्या अळ्यांचं वावरात डोळ्यानं स्कोअरिंग मला फारसं भरवशाचं वाटत नाही. तंबाखूवरची अळी अंडी पुंजक्यानं घालते, अळ्या लहान असताना एकाच जागी घोळक्यानं खातात, म्हणून एका प्लॉटात चाळण आणि शेजारच्यात एक भोक नाही, आणि यात लाईनचा काहीच संबंध नसतो. त्यापेक्षा घरात करा. सगळ्या लाईनचं एकाच वयाचं, वरून तिसरं पान आणा, ओल्या कागदावर डबीत ठेवा, सारख्या वयाच्या अळ्या वजन करून सोडा, ठराविक तासांनी अळीचं वजन आणि उरलेलं पान मोजा. एका डबीत एकाच लाईनचं पान दिलं तर अळी ते खाऊन वाढते की मरते हे कळतं, म्हणजे झाडाचा रस तिला बाधतो का ते. एकाच डबीत चार लाईनची पानं दिली तर तिला कुठलं नको वाटतं ते कळतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिसरी म्हणजे सहनशीलता, कीड खाते पण झाड उतारा सोडत नाही. पेंटर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५१ ला हे तीन प्रकार वेगळे करून दाखवले, आजही तेच धरतात.

आता हिशोब. कीड मोजलेले आकडे सरळ नॉर्मल नसतात, टक्केवारी असेल तर आर्कसाईन आणि नुसती संख्या असेल तर अर्धा मिळवून वर्गमूळ असं बदलून ॲनोव्हा (एकूण फरकाची कारणांप्रमाणं विभागणी) लावतात. इथं उदाहरण सोपं राहावं म्हणून सरळ टक्क्यातच दाखवतो. समजा वीस लाईन, तीन रेप्लिकेशन, खोड पोखरल्याची सरासरी ३६ टक्के. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमधी "टू फॅक्टर विदाऊट रेप्लिकेशन" घ्या, ओळीत लाईन आणि कॉलममधी रेप्लिकेशन, नाव वेगळं असलं तरी तो आरबीडीचाच ॲनोव्हा आहे. हिसारच्या विद्यापीठाचं ओपीस्टॅट हे सॉफ्टवेअर पण चालतं. त्यातून लाईनचा मीन स्क्वेअर (तक्त्यातला एमएस कॉलम) आला समजा १८६ आणि एररचा २४. लाईनमधून एरर वजा करायचा आणि रेप्लिकेशननं भागायचं, १८६ वजा २४ बरोबर १६२, भागिले ३, आले ५४, हा जेनोटाईपचा व्हेरियन्स, म्हणजे रक्तातला फरक. त्यात एररचे २४ मिळवले की ७८, हा डोळ्याला दिसणारा एकूण फरक. ५४ चं वर्गमूळ ७.३५, भागिले सरासरी ३६, गुणिले १००, जीसीव्ही (सरासरीच्या मानानं रक्तातला फरक) आला २०.४ टक्के. ७८ चं वर्गमूळ ८.८३, तसंच केलं की पीसीव्ही (सरासरीच्या मानानं एकूण फरक) २४.५ टक्के. दहाच्या खाली कमी, दहा ते वीस मध्यम, वीसच्या वर जास्त, असं साधारण वाचतात. इथं दोन्ही जवळ जवळ आहेत, म्हणजे वातावरणाचा वाटा कमी.

हेरिटॅबिलिटी म्हणजे ५४ भागिले ७८, ६९ टक्के. साठच्या वर म्हणजे जास्त. पण हा एकटा आकडा बघून खूश व्हायचं नाही, जेनेटिक ॲडव्हान्स, म्हणजे निवडीनं पुढच्या पिढीत होणारा फायदा, पण काढायचा, सूत्र असं, निवडीचा स्थिरांक गुणिले पीसीव्हीतलं ते वर्गमूळ गुणिले हेरिटॅबिलिटी. वरच्या पाच टक्के लाईन घ्यायच्या असतील तर स्थिरांक २.०६, मग २.०६ गुणिले ८.८३ गुणिले ०.६९२ बरोबर १२.६, सरासरीच्या ३५ टक्के. कीड असल्यामुळं आपल्याला खाली जायचंय, म्हणजे पुढच्या पिढीत सरासरी ३६ वरून साधारण २३ ते २४ वर यायची अपेक्षा. पण वीस लाईनचे पाच टक्के म्हणजे एकच लाईन झाली. एक लाईन घेऊन पुढं जाणं धोक्याचं आणि एवढ्या कमी संख्येत २.०६ पण मिळत नाही, वीसातून एक घेतल्यावर तो साधारण १.८७ पडतो. वीस टक्के, म्हणजे चार लाईन घ्या, स्थिरांक टेबलात १.४० पण वीसच लाईन असल्यानं साधारण १.३३, फायदा ८.१. थोडा कमी, पण पाया रुंद राहतो. जेनेटिक ॲडव्हान्सचं कमी, मध्यम, जास्त असं जे वर्गीकरण सगळ्या थिसिसमधी दिसतं, ते जॉन्सन, रॉबिन्सन आणि कॉमस्टॉक यांच्या १९५५ च्या कामातलं आहे आणि ते काम सोयाबीनवरच झालेलं.

याच प्लॉटात चक्रीभुंग्याच्या झाडांची टक्केवारी घेतली आणि लाईनचा मीन स्क्वेअर ३०, एररचा १८, सरासरी १४ आली असं समजा. ३० वजा १८ भागिले ३, फक्त ४. एकूण २२. जीसीव्ही १४.३ आणि पीसीव्ही ३३.५, हेरिटॅबिलिटी १८ टक्के. इथं बरेच जण थांबून लिहितात की चक्रीभुंग्याचा प्रतिकार कमी आनुवंशिक आहे. तसं नाही! एफ व्हॅल्यू ३० भागिले १८, म्हणजे १.६७, आणि टेबलात पाच टक्क्याला १.८५ च्या आसपास लागते, म्हणजे लाईनमधी फरक आहे हेच सिद्ध झालेलं नाही, मग पुढचे सगळे आकडे काढायचेच कशाला. दुसरं म्हणजे हेरिटॅबिलिटी ही झाडाच्या अंगात कोरलेली गोष्ट नसते, ती त्या लाईनचा संच, ते वावर, ते वर्ष आणि ती मोजायची पद्धत या सगळ्यांची मिळून असते. त्याच लाईनवर किडीचा दाब वाढवला, आठवड्याला मोजलं, प्लॉट मोठा केला, तर एरर खाली येतो आणि तोच आकडा वर जातो. म्हणून कमी हेरिटॅबिलिटी आली की आधी आपली मोजणी तपासायची, गुण टाकून द्यायचा नाही.

पेपर वाचताना अजून एक बघत जा. वरचे ६९ टक्के एका प्लॉटच्या हिशोबानं आहेत. कुणी तीन रेप्लिकेशनच्या सरासरीवर काढली तर एररचे २४ भागिले ३ होतात ८, आणि ५४ भागिले ६२ म्हणजे ८७ टक्के येते. डेटा तोच. दोघंही बरोबर, पण एकाची ६९ आणि दुसऱ्याची ८७ शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत. आणि एकाच गावात एकाच वर्षी काढलेल्या आकड्यात त्या गावाचा, त्या वर्षाचा परिणाम पण रक्ताच्या खात्यात जमा होतो. परभणीत चांगली निघालेली लाईन धाराशिवच्या हलक्या रानात, सप्टेंबरात पावसानं ताण दिल्यावर तशीच राहील याची खात्री या ६९ मधी नाही. निदान दोन ठिकाणी दोन वर्षं घ्या.

निवडलेल्या दात्याशी, म्हणजे प्रतिकार देणाऱ्या लाईनशी, आता चांगल्या वाणाचा क्रॉस. सोयाबीन स्वपरागी, बाहेरचा पराग एक टक्क्याच्या आत, म्हणून क्रॉस हातानंच. पाकळ्या हिरव्या टोपणातून जेमतेम डोकावतायत अशी कळी सकाळी धरा, चिमट्यानं टोपण आणि पाकळ्या पुंकेसरासकट ओढून काढा, दुसऱ्या झाडाच्या ताज्या उमललेल्या फुलाचा पराग लगेच स्त्रीकेसरावर घासा, दोरा बांधा आणि आजूबाजूच्या बाकी कळ्या खुडून टाका. दहातल्या बऱ्याच गळतात, म्हणून पुष्कळ करा. शक्य असेल तर पांढऱ्या फुलाची मादी आणि जांभळ्या फुलाचा नर घ्या, जांभळा प्रभावी असतो आणि उगवल्यावर रोपाच्या खोडावरच जांभळी झाक दिसते, हिरवं खोड निघालं की तो क्रॉस नाही, आपलाच स्वपराग, उपटून टाका. एफ-वनमधी, म्हणजे क्रॉसच्या पहिल्या पिढीत, निवड करत नाहीत. एफ-टूमधी जितकी जास्त झाडं तितकं चांगलं, पण एकट्या झाडाच्या किडीच्या आकड्यावर कडक निवड करू नका, एका झाडाला रेप्लिकेशन नसतं आणि सुटलेली झाडं सगळ्यात जास्त इथंच घुसतात. फक्त अगदीच पोखरलेली काढा आणि बाकीच्या प्रत्येक झाडाची एक-एक शेंग घेऊन पिढी पुढं न्या. सोयाबीनसाठी ही पद्धत, मुळात एक-एक दाणा घेऊन, ब्रिम या शास्त्रज्ञानं १९६६ ला मांडली. आपल्याकडं विहिरीचं पाणी असलेले लोक उन्हाळी सोयाबीन बियाण्यासाठी करतातच, तोच हंगाम इथं वापरा, डिसेंबर-जानेवारीत एक पिढी आणि खरिपात एक, म्हणजे दोन वर्षांत एफ-फाईव्हपर्यंत पोचता येतं. पण उन्हाळ्यात किडीवर निवड करायची नाही, तेव्हाचा दाब खरिपासारखा नसतो, तेव्हा फक्त बी वाढवायचं. एफ-फोर, एफ-फाईव्हला प्रत्येक कुळाची ओळ टाकून खरिपात बारकाईनं निवडा. लाईन जास्त आणि बी कमी असेल तर ऑगमेंटेड डिझाईन घ्या, त्यात फक्त चेक वाण पुन्हा पुन्हा येतात आणि नव्या लाईन एकदाच.

निवडताना पक्वतेचे दिवस पण सोबत लिहा. लवकर येणारी लाईन उशिरा येणाऱ्या किडीतून आपोआप सुटते आणि आकड्यात प्रतिकारक दिसते. लवकर येणं आपल्या भागात फायद्याचंच आहे, पण तो वेगळा गुण आहे, त्याला प्रतिकार म्हणून पुढच्या क्रॉसमधी वापरलं तर काही हाती लागत नाही. नव्वद-पंचाण्णव दिवसांच्या लाईन एका गटात आणि शंभरच्या वरच्या दुसऱ्या गटात ठेवून तुलना करा. उतारा, शंभर दाण्यांचं वजन आणि शेंगा फुटणं हेही त्याच वहीत पाहिजे, पोखरणं कमी पण एकरी उताराच नाही अशी लाईन दाता म्हणून ठेवा आणि चांगल्या वाणाशी पुन्हा दोन-तीनदा क्रॉस करा, वाण म्हणून ती शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका.

संरक्षित वाण क्रॉससाठी घ्यायला २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं मोकळीक आहे, शेतकऱ्यानं स्वतः तयार केलेला वाण पण त्यात नोंदवता येतो. नोंदणीला लाईन वेगळी, एकसारखी आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं, म्हणून फुलाचा रंग, केसांचा रंग, पानाचा आकार, शेंगेचा रंग हे पहिल्या वर्षापासून लिहीत चला. आणि तो बळी पडणारा चेक वाण असतो ना, त्याचं बी दरवर्षी वेगळ्या डब्यात, दुसऱ्या कुठल्या लाईनची भेसळ न होऊ देता ठेवा, तो नसेल तर पुढच्या वर्षी किडीचा दाब पुरेसा होता की नाही हे सांगायला दुसरं काहीच नसतं.